म्हसोबाच्या चढावर चांदी

मागच्या रंगपंचमीला शर्यतीत भगवंतरावाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, म्हसोबाचा चढ आधी चढून गेली, इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं. दरसालच जायची. बिघडलं ते वर पोचल्यावर. महादेवरावाची दमणी मागून धापा टाकत आली, तेव्हा भगवंतराव म्हसोबाच्या दगडाला टेकून पान लावत होता. मान वर न करता तो व्याह्याला म्हणाला, "इवाई, वाटेत मुक्काम केला का?"

चारचौघं हसले. महादेवरावही हसला. पण त्यानंतर सुनेला माहेरी पाठवणं काही त्याच्या हातून घडेना.

सून म्हणजे भगवंतराव आणि कौशल्येची एकुलती एक वच्छला. दोघा बापांची दोस्ती तिच्या जन्माआधीची, अकोटच्या बैलबाजारातली. एकाच खोंडावर दोघांचा जीव बसला आणि तो तिसऱ्यानंच नेला. त्या दुःखात ते दोस्त झाले, पुढं व्याहीही झाले. पण शर्यत काही सुटली नाही. भगवंतराव अमरावतीकडचा, महादेवराव अकोटचा, आणि म्हसोबाचा चढ दोघांच्या मध्ये. म्हणून दोघांनाही तो आपलाच वाटायचा.

कौशल्येनं पोळ्याला निरोप धाडला, पोरीला चार दिवस पाठवा. उत्तर आलं, निंदण चालू आहे. दिवाळीला धाडला, तर वेचणी चालू आहे. समुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपलेली, आणि त्यापायी वऱ्हाडात कापसाला असा भाव आलेला, की महादेवरावाच्या घरच्या बायांनी दोन वर्षांत स्वतः कापसाच्या पराटीला हात लावला नव्हता. संक्रांतीला निरोप आला, पोरीचे पाय दुखतात.

आता आखाजी, लेकींनी माहेरी यायचा सण, दीड महिन्यावर आली होती. आखाजीलाही पोरगी आली नाही, तर दारच्या निंबाला झोका बांधायचा कोणासाठी? कौशल्येनं नवऱ्याला जेवायला वाढलं आणि भाकर हातात असतानाच सांगितलं.

"यंदा हरा."

"म्हंजे?"

"म्हंजे मागं राहा. इवायाले पुढं जाऊ द्या."

"बैलांले कोण सांगन?"

"बैलांचं मी पाहते. तुमी तोंड सांभाळा."

भगवंतरावानं भाकर खाली ठेवली. "हरतो एक वेळ," तो म्हणाला, "पण बोलू बी नोको?"

रंगपंचमीला पहाटे कौशल्येनं बैलांपुढं टोपलंभर सरकी ठेवली आणि वर पोटभर पाणी पाजलं. बैल जड झाले म्हणजे आपसूक मागं पडतील, असा तिचा अंदाज. मग ती चढाच्या माथ्यावर जाऊन बसली.

तिथं आधीच मोरोपंत वकील येऊन बसले होते. ते अमरावतीचे, दोघांचे स्नेही. बैलांच्या जवळ जायला भीत, म्हणून दरसाल निवाडा त्यांच्याकडे असे. पलीकडे विहीणबाई, म्हणजे महादेवरावाची आशाबाई बसली होती. तिच्यामागं नाकापर्यंत पदर ओढून वच्छला उभी. सासूदेखत आईनं काय बोलावं?

"बरी हायेस का?"

पदर हलला. कौशल्येनं पोरीच्या पायांकडं पाहिलं. पाय चांगले ठणठणीत होते.

खाली नाल्याजवळ दोन दमण्या उभ्या राहिल्या आणि त्यातली एक भलतीच चकाकली.

"ते काय हो?" कौशल्येनं विचारलं.

"चाकाभोवतीची धाव," आशाबाई म्हणाली. "इवायाच्या बैलांच्या शिंगांले चांदीच्या शेंब्या हायेत, तर आमचे हे म्हणले, आपण चाकांलेच चांदी लावू. सोनाराकडून घडवून आणली."

"अन् लोखंडी धाव?"

"घरी हाय. जपून ठेवली."

मोरोपंतांनी रुमाल हलवला. दमण्या निघाल्या. महादेवराव पुढं सुटला आणि रस्ता अरुंद, त्यामुळं भगवंतरावाला मागं राहायला चांगलं निमित्त होतं. पण सरकी खाल्लेल्या बैलांना मस्ती आली होती. त्यांची मुंडकी पुढच्या दमणीच्या पाठीला लागायला बघत होती. भगवंतराव कासरा मनगटाला गुंडाळून मागं रेलला होता. इतका जोर त्यानं जिंकतानाही कधी लावला नव्हता.

म्हसोबा दोन कासरे राहिला आणि दगडाळ वाटेवर चांदीनं हात टेकले. आधी एका चाकाची पट्टी वाकून वर आली, मग दुसऱ्याची. नुसतं लाकूड दगडांत अडकलं. महादेवरावाचे बैल गुडघ्यावर आले. दमणी थांबली.

भगवंतराव मागं येऊन उभा राहिला. बाजूनं निघून जाण्याइतकी जागा तिथं नेमकी होती. त्यानं पुढं पाहिलं, लोळणारी चांदी पाहिली आणि त्याचं तोंड उघडलं.

ते तोंड कौशल्या बावीस वर्षं ओळखत होती. तिनं उभं राहून ओठांवर बोट ठेवलं.

तोंड मिटलं. भगवंतराव खाली उतरला. भरल्या बंडीला चढावर दुसरी जोडी लावतात तसे त्यानं आपले बैल सोडले, पुढं नेले आणि नाड्यानं व्याह्याच्या दमणीला जुंपले. चांदीच्या पट्ट्या खांद्यावर टाकल्या आणि मागून चाकाला हात लावला. चार बैलांनी दमणी वर आणली. महादेवराव तिच्यात ताठ बसून होता.

मोरोपंतांनी घसा साफ केला. "शिंगं आधी भगवंतरावांच्या बैलांची आली. गाडी मात्र महादेवरावांची. आता शर्यत बैलांची की गाडीची, हे आजवर कोणी ठरवलेलं नाही." इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा कधी उजळला नव्हता.

"बैल कोणाच्या गाडीले जुंपले होते?" महादेवराव म्हणाला.

सगळे भगवंतरावाकडं बघू लागले. त्याचे बैलही बघत होते, आणि ते बघणं त्याला फार लागलं.

"इवाई जिंकले," तो म्हणाला. दाढ उपटून हातावर ठेवावी तसं.

महादेवराव थांबला. या बोलण्याला शेपूट असणार, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. त्यानं बरीच वाट पाहिली. शेपूट आलं नाही. भगवंतराव खांद्यावरची चांदी खाली ठेवून तिची माती पुसत बसला होता.

मग महादेवरावच हळूच म्हणाला, "वाटेत थोडा मुक्काम झाला खरा."

हसू फुटलं. भगवंतराव सगळ्यांत शेवटी हसला, बायकोकडं बघून.

"पोट्टीचे पाय कसे हायेत आता?" महादेवरावानं आशाबाईला विचारलं.

"तिचे पाय कवा दुखत होते?"

"मंग जाऊ दे तिले. आखाजी झाली की येईन."

बैल परत जुंपून नाल्याकडं निघालेली भगवंतरावाची दमणी उतारावर पुढं होती. मागं नुसत्या लाकडावर खडखडत व्याह्याची येत होती. वच्छला आईच्या खांद्याला टेकून बसली होती. पदर केव्हाच डोक्यावरून घसरला होता. अर्धा उतार झाल्यावर भगवंतरावाला राहवेना.

"पण शिंगं कोणाची पुढं होती, सांग बरं?"

"बाबा," वच्छला म्हणाली, "मामाजी मागंच हायेत. सपाटीवर गेल्यावर बोला."

भगवंतराव सपाटीची वाट बघत गप बसला. कौशल्येनं हात पुढं करून त्याच्याकडून कासरा घेतला आणि बैलांना सावकाश, आणखी सावकाश चालायला लावलं.