धुऱ्यावरचं वाचन

सत्यभामाबाईला डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं, आणि तेही नेमका रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आलेला असताना. आता एकोडीच्या बाईला आषाढात वाकू नको म्हणणं म्हणजे काय, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार! धानाचं रोप काय उभ्यानं लागतं? कमरेला पट्टा बांधून दोन दिवस ती खाटेवर नुसती धुसफुसत राहिली. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून शकुनबाईच्या टोळीत तिची जागा ठरलेली होती, ताराबाईच्या उजव्या हाताला. सासवांची गाऱ्हाणी म्हणू नका, लेकींची लग्नं म्हणू नका, सगळं त्या दोघींनी चिखलात वाकूनच बोलून घेतलं होतं. आता टोळी तिच्या दारावरून हसत-खिदळत जायची आणि ही आपली पट्टा आवळत बसायची. जीव नुसता तुटायचा.

तिसऱ्या दिवशी मात्र ती उठली. पिशवीत एक पुस्तक टाकलं आणि थेट रोवणा चाललेल्या बांधीवर जाऊन धुऱ्यावर, शेताच्या उंच कडेवर, बसली.

"काहून आली वो?" ताराबाई वाकल्या वाकल्याच ओरडली.

"वाचून दाखवतो तुम्हाले. हात तुमचे, तोंड माझं!"

पुस्तक तिनं मागच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर घेतलं होतं. चांगलं बारीकसं, सत्ता, मैत्री, वेळ असल्या विषयांवरचे दोन-दोन पानांचे निबंध. आणि आवाजाचं विचाराल तर पावसाळ्यात विहारात वर्षावासाच्या वाचनाला तिलाच बसवायचे, असा खणखणीत. तिनं वेळेचा निबंध काढला. 'वेळ हातातून कधी निसटून जातो, ते माणसाला कळतही नाही,' अशी त्याची सुरुवात होती.

"कोणाच्या हातातून?" ताराबाई म्हणाली. "आमचा दिवस त बुडता बुडत नाही, माय!"

अख्खी रांग हसली. शकुनबाईसुद्धा हसली, आणि शकुनबाईचं हसू म्हणजे काही रोजचं नव्हे बरं का. टोळीची ती म्होरकी. कोणी कुठं उभं राहायचं, कंबर कधी सरळ करायची, सगळं तिच्या शब्दावर. शेतमालकही तिच्याशी जपूनच बोलत. ती हसली म्हणजे परवानगीच मिळाली. त्या दिवशी सत्यभामाबाई घरी परतली ती जत्रेतून आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी काढला सत्तेचा निबंध, आणि तिथंच घोळ झाला.

'सत्ता हुकूम सोडणाऱ्याच्या तोंडात नसते,' सत्यभामाबाईनं रंगात येऊन वाचलं, 'ती हुकूम ऐकणाऱ्यांच्या पायांत असते. समजा, एके दिवशी कोणीच पाय उचलला नाही, तर? मग त्या हुकूम सोडणाऱ्यानं काय करावं?'

रांगेतल्या सगळ्या माना एकदम शकुनबाईकडे वळल्या. टोळीत नुकतीच आलेली गावची नवी सून डिंपल, तिला हसू आवरेना, ती फिसकन हसली. झालं! शकुनबाई ताडकन सरळ उभी राहिली. हातातली रोपांची पेंढी तिनं चिखलात आपटली.

"बंद कर ते! माह्या बांधीवर मलेच टोमणे मारून राहिली? उद्यापासून धुऱ्यावर पाय ठेवू नको."

"अवो शकुनबाई, पुस्तकात हाय ते..."

"पुस्तक घरी वाचायचं!"

कोणी चकार शब्द काढला नाही. ताराबाईनंही नाही. सत्यभामाबाई पुस्तक छातीशी धरून घरी आली आणि पोटभर रडली. कमरेचं दुखणं एक वेळ सोसलं असतं, पण टोळीनं आपल्याला असं जाऊ दिलं, हे काही तिच्यानं सोसवेना. डोळे पुसून तिनं निबंधाचं पान उलटलं, शेवट वाचला, आणि म्हणाली, हात्तिच्या!

तिकडे बांधीवर वेगळंच सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या डोक्यांत एकच किडा. हुकूम सोडणाऱ्यानं काय करावं? डिंपल म्हणे, त्यानं लाडीगोडी लावावी. कोणी म्हणे, त्यानं गाव सोडावं. त्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं. संध्याकाळी ताराबाई कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या गरम वड्या घेऊन सत्यभामाबाईकडे आली.

"सांग नं वो, पुढं काय लिहिलं हाय?"

आणि सत्यभामाबाईला काय झालं कोण जाणे. ती खाटेवर रेलून म्हणाली, "असं कसं सांगू? धुऱ्यावर बोलवा, मग ऐका."

"मलेबी नाही सांगत?"

"कोणालेच नाही. काल तुह्या तोंडाले कुलूप होतं. आता माह्या."

ताराबाईचा चेहरा उतरला. "शकुनबाईले नावं ठेवत होती, अन् तुलेबी चढली की सत्ता," असं म्हणून ती वड्या तिथंच ठेवून निघून गेली.

वडी काही सत्यभामाबाईच्या घशाखाली उतरली नाही. मैत्रीण दारातून परत पाठवली, आणि कशासाठी? तर असल्या फुसक्या शेवटासाठी! तो सांगून टाकला की आपल्याजवळ काहीच उरत नाही, मग कोण बोलावणार आपल्याला, हे तिला पक्कं कळत होतं. तरी सकाळची कामं आटोपून ती निघालीच.

बांधीवर पोचली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. धुऱ्यावर पाय ठेवला नाही; खाली पायवाटेवर उभं राहून म्हणाली, "शेवट तेवढा वाचतो अन् जातो." शकुनबाई मान वर न करता रोपं लावत राहिली. सत्यभामाबाईनं वाचलं, "'या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड आहे. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं विचार करावा.'"

सगळ्या वाट पाहत राहिल्या.

"अन् पुढं?" डिंपलनं विचारलं.

"पुढं काही नाही. संपलं."

"आँ?" ताराबाई उभीच राहिली. "एवढ्यासाठी मले उपाशी परत पाठवलं होतं का वो, भवाने?" आणि अशी हसली, अशी हसली की तिचा तोल जाऊन ती चिखलात बसलीच. मग काय, हसण्याला बांध राहिला नाही. लिहिणाऱ्याला एक दिवस रोवण्यावर आणा म्हणून सगळ्यांनी एकच गलका केला. शकुनबाईचे खांदे हलत होते. आधी वाटलं खोकला आला; मग कळलं, बाई हसून हसून बेजार झाली आहे.

सत्यभामाबाईनं पुस्तक पिशवीत घातलं आणि वळली.

"कुठं चालली?" मागून शकुनबाईचा आवाज आला.

"घरी. तुम्हीच त म्हणलं होतं."

"म्हणलं होतं. मले ते लागलं होतं, म्हणून म्हणलं." शकुनबाईनं पदरानं डोळे पुसले आणि आवाज चढवला. "अन् हे काय, ऊन डोक्यावर आल्यावर येते का कामाले? टोळीतल्या बायांनी टोळीसंगच निघायचं. उद्या मागं राहिली त ऐकून घेणार नाही मी!"

सत्यभामाबाईच्या डोळ्यांना धार लागली. अख्ख्या जन्मात कोणाचं रागावणं तिला इतकं गोड लागलं नव्हतं.

"चुकलं जी माह्यं," ती म्हणाली आणि धुऱ्यावर चढून बसली.