तीन दिव्यांचं पेडल

धर्मराजनं आयुष्यात एकच पेडल विकत घेतलं आणि तेसुद्धा रूप बघून घेतलं. आवाजाच्या नावानं शंख. मी त्याच्याच ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बेसवाल्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून असेल कदाचित, पण मला आवाजाशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. त्या पेडलवरून मी त्याच्याशी आठवडाभर नीट बोललो नव्हतो. आता त्या भांडणाचीसुद्धा आठवण गोड वाटते.

साल शहाण्णव असेल. पिंपळगाव रेणुकाईतले आम्ही सात-आठ जण मिळून ऑर्केस्ट्रा चालवत होतो. धर्मराज गिटार वाजवायचा, भोकरदनची बेबीनंदा गायची. लग्नं, गणपती, नवरात्र, जिथून बोलावणं येईल तिथं टेम्पोत सामान टाकून जायचं. डीजे नावाचं प्रकरण अजून आमच्याकडं पोचलं नव्हतं. काय दिवस होते! वर्गणी काढून एखादी वस्तू आणली की सगळे जण ती हातात घेऊन बघायचे, फुंकर मारून धूळ उडवायचे.

धर्मराजच्या घरी मात्र वेगळंच दुखणं होतं. त्याचे वडील कडूबाकाका ठार बहिरे. जवानीत विषमज्वर झाला, त्यात कान गेले. माणूस कामाला वाघ, दहा एकर रान एकट्याच्या हिमतीवर करायचा, पण पोराचं गाणंबजावणं त्यांच्या लेखी नव्हतंच. ते कार्यक्रमाला हौसेनं यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि घरी गेल्यावर हजेरी घ्यायचे. ऐकू येत नसल्यामुळं त्यांचा आवाज चार घरं पलीकडं जायचा.

"ती पोरगी तोंड उघडती. ढोलकीवाला हात आपटतो. तू काय करून राह्यला रे तिथं? उभ्या उभ्या पोट खाजवतो?"

आम्ही पोट धरून हसायचो. धर्मराज हसायचा नाही. त्या वर्षी कडूबाकाकांनी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर हजर व्हायचं ठरलं होतं. म्हणजे नवरात्रातला गावचा कार्यक्रम हाच धर्मराजचा शेवटचा. बापाचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती आणि गिटार सोडायची तर त्याहून नव्हती. रडकुंडीला आला होता बिचारा.

"त्रिंबक, आबाला एकदा दिसलं पाहिजे मी काम करतो ते," तो म्हणायचा. "ऐकू न्हाई येत त्याला, पण दिसतं तर बराबर ना?"

तशात ऑर्केस्ट्रासाठी पेडल आणायचं ठरलं. पेडल म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मधे जमिनीवर ठेवायचा लोखंडी डबा. पायानं दाबला की गिटारचा आवाज घुमतो, नाहीतर फाटतो, जसा डबा तसा आवाज. मी आणि धर्मराज रेल्वेनं हैदराबादला गेलो. दुकानदारानं एक जुना, काळा, पोचे आलेला डबा काढला. धर्मराजनं दोन तारा छेडल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. विहिरीत हाक मारल्यावर घुमते तसा खोल, गोल आवाज. मी म्हटलं, बस, हेच.

पण धर्मराजची नजर फळीवर. तिथं एक पोपटी रंगाचं पेडल होतं, बहुतेक कुणीतरी घरीच बनवलेलं. सोनेरी बटणं आणि वर ओळीनं तीन दिवे, लाल, पिवळा, निळा. दाबलं की तिन्ही पेटायचे. आवाज विचाराल तर पत्र्यावर गहू ओतल्यासारखा.

"मियाँ, आवाज तो कालेवाले का है," दुकानदार म्हणाला. "ये तो खाली देखने का है."

"हमको देखने काच होना," धर्मराज म्हणाला आणि त्यानं पोपटी डबा काखेत मारला.

परतीच्या गाडीत मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "आपल्या विहिरीवरच्या बोर्डावर किती बल्ब असतात?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन फेजचे तीन बल्ब. तिन्ही पेटले की लाईट बराबर आहे, मोटार चालू करा. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मला कळलं, पण राग गेला नाही. बापाला पटवायला आमच्या कानांचा बळी कशाला, असं माझं म्हणणं.

अष्टमीला संध्याकाळी देवळासमोर कार्यक्रम सुरू झाला. कडूबाकाका पहिल्या रांगेत. धर्मराजनं पेडल मुद्दाम स्टेजच्या कडेला, त्यांच्या नाकासमोर ठेवलं होतं. पाय आपटून दाबलं, तिन्ही दिवे पेटले. काका पुढं वाकले. शेजारच्याला काहीतरी विचारलं, मग दिव्यांवरून त्यांची नजर हलेना. धर्मराजच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी बघितला नव्हता.

चौथं गाणं जोरात होतं. पोरं पुढच्या मोकळ्या जागेत धुरळा उडवत नाचत होती. आणि त्या हैदराबादी डब्यानं आपला गुण दाखवला. पिवळा दिवा फुरफुरला आणि विझला. मग निळा विझला. लाल तेवढा राहिला.

कडूबाकाका ताडकन उठले.

"फेज गेला! अरे, बंद कर! मोटार जळंल!"

आमच्याकडं तीनपैकी एकच बल्ब दिसला की माणूस जेवणावरून उठून विहिरीकडं पळतो. काका धोतर सावरत स्टेजवर चढले. पेडलवर हात मारला, तरी लाल दिवा जाईना. मग त्यांनी वायर धरून माग काढला आणि मागचा बोर्ड गाठला. आम्हा सगळ्यांच्या पिना त्याच एका बोर्डात. त्यांनी मोठं बटण खाली ओढलं.

गिटार गेली, माझा बेस गेला, कॅसिओ गेला, माईक गेला. बेबीनंदा उघड्या तोंडानं तशीच उभी. ढोलकीवाल्याचा हात वरच राहिला. मंडपातले दिवे वेगळ्या लाईनीवर होते, ते मात्र चालूच. त्या उजेडात नाचणारी सगळी पोरं जागच्या जागी थांबली आणि स्टेजकडं बघायला लागली.

काकांनी वळून बघितलं. मघाशी शे-दोनशे माणसं हलत होती, आता एकही हलत नव्हतं. त्यांनी गर्दीकडं बघितलं, विझलेल्या डब्याकडं बघितलं, मग धर्मराजकडं. असं त्यांनी आपल्या पोराकडं याआधी बघितलं नसावं.

त्यांनी हळूच बटण वर केलं. तिन्ही दिवे पेटले.

"चालव," ते म्हणाले.

धर्मराजनं तारेवर हात मारला, मागोमाग आम्ही सगळे सुरू झालो आणि पोरं पुन्हा नाचायला लागली. काका खाली उतरलेच नाहीत. पेडलपाशी उकिडवे बसून दिव्यांवर राखण करत राहिले. तो बोर्ड सगळ्यांचा होता, एकट्या धर्मराजच्या डब्यानं गाव नाचत नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आमच्यापैकी कुणीही त्यांना ते कधी सांगितलं नाही. बेबीनंदासारख्या फटकळ बाईनंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी अवजारांची पूजा असते. धर्मराज आता जाणार म्हणून मी त्याला भेटायला गेलो. अंगणात गोणपाटावर नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, पाण्याच्या मोटारीचा पाना आणि सगळ्यांच्या मधे ते पोपटी पेडल. त्याला पाच बोटं हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. गिटार मात्र घरात खुंटीलाच होती. धर्मराजनं खुणेनं विचारलं, ही ठेवू का? काकांनी हात झटकला.

"नुसतं लाकूड ते. काम हा डबा करतो."

मी हसलो. हळद आत गेली, आता आवाज अजून बिघडणार, असंही माझ्या मनात येऊन गेलं. धर्मराजनं बापाला जालन्याच्या दिशेला हात करून दाखवला. उद्या निघायचं ना, असं त्याला विचारायचं होतं.

"सकाळीच गेल्तो मी त्या कंपनीच्या माणसाकडं," कडूबाकाका नारळ फोडता फोडता म्हणाले. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "सांगून आलो त्याला. म्हणलं, आमचं पोरगं मोकळं न्हाई. कामावर हाय."