पिस्ता रंगाचा महाल

रंगारीकाकांची एकच आठवण होती आणि ती ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते. कृष्णधवल चित्रपटांचा जमाना, स्टुडिओतला तो महाल, त्याच्या चांदीसारख्या भिंती आणि नाचणाऱ्या घोळक्यातून येऊन जिन्यावर थांबलेली, पांढऱ्याशुभ्र पोशाखातली एक मुलगी. ती मुलगी म्हणजे काकू. काकू हे ऐकताना खाली मान घालून भाजी निवडत राहायच्या.

जमाना होताही तसाच. एका दृश्यासाठी माणसं आठवडाभर जिना घासत बसायची. नायक नुसता मागे वळला तरी अख्खं थिएटर श्वास रोखून बघायचं. असा आब आता शोधून सापडायचा नाही.

म्हणून दिग्दर्शिका दारात आली तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं. तिच्या नव्या चित्रपटात आजचा एक कारकून थिएटरच्या पडद्यातून थेट आत शिरतो, त्या जुन्या काळात पोहोचतो आणि तिथल्या नर्तकीच्या प्रेमात पडतो.

"महाल मला जसाच्या तसा हवाय, काका. निर्माते म्हणतात, संगणकावर करा. मी म्हटलं, तो रंगवणारा माणूस आहे अजून."

सेट उभा राहिला आणि काकांनी रंगवताना कुणाला आत फिरकू दिलं नाही. कृष्णधवल फिल्मवर पिस्ता रंग चांदीसारखा उतरतो आणि गुलाबी रंगाची छान सावली होते, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बादलीत पिस्ता कालवतानाही त्यांना चांदीच दिसत होती. हा चित्रपट रंगीत आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

शूटिंगच्या आदल्या दिवशी दिवे लागले. हिरव्यागार भिंती, गुलाबी खांब.

"महाल आहे की वाढदिवसाचा केक?" दिवेवाला म्हणाला.

काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. "आम्ही असाच रंगवायचो," ते चाचरत म्हणाले. "पण... मला तर तो चांदीचाच आठवतोय."

दिग्दर्शिकेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, काका. संगणकावर करून घेऊ." ती प्रेमानेच बोलली, पण काकांच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर मिरवलेली एकच गोष्ट, तीही खोटी निघाली.

काकू सेट बघायला आल्या होत्या. त्या कुणाला न विचारता जिना चढल्या, खांबावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगंबाई! अगदी असाच होता!"

"तू पांढऱ्या पोशाखात होतीस, तेवढं तरी खरं ना?" काकांनी खालून विचारलं.

"पिवळ्या. पांढरा कपडा दिव्यांत भगभगायचा, म्हणून आम्हा सगळ्यांना पिवळे पोशाख द्यायचे."

"अगं, मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"ते चित्रपट लागल्यावर. मला मागणी कधी घातलीत? शूटिंग चालू होतं तेव्हाच ना? म्हणजे पिवळ्या कपड्यातलीलाच घातलीत." काकू हसत होत्या, पण आवाज कापत होता. "इतकी वर्षं त्या पांढरीचं कौतुक ऐकतेय मी. घरात सवत आणून ठेवल्यासारखी."

दिग्दर्शिका कधी काकूंकडे, कधी भिंतींकडे बघत राहिली.

"कारकून बघत असतो तो चित्रपट कृष्णधवल ठेवू," ती शेवटी म्हणाली. "तो आत शिरला, की हे सगळे रंग. भिंतींना कुणी हात लावायचा नाही."

टाळ्या पडल्या. निर्मात्यांची समजूत घालायला दिग्दर्शिका फोन घेऊन बाहेर गेली. दिवेवाल्याने विचारलं, "काका, दिवे घालवू?"

"थांब रे जरा," काका म्हणाले. काकू खाली यायला निघाल्या होत्या, त्यांनाही त्यांनी हातानेच थोपवलं. "उभी राहा ना तिथेच थोडा वेळ. मी तुला अजून नीट पाहिलंच नाहीये गं."