काळ्याची खेळी

ही गोष्ट २०१८ सालच्या गणपतीतली. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीत मांडवाशेजारी एक फळा असायचा. त्यावर आमचे हे, रंगराव, रोज सकाळी बुद्धिबळाचा एक पेच काढत. उत्तर दुसऱ्या दिवशी आरतीनंतर. चाकणच्या कारखान्यात तपासणी खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. खडूच्या चौसष्ट घरांनाही पट्टी लावायचा.

त्या वर्षी यांचं विसरणं सुरू झालं होतं. चिखलीला भाच्याकडे निघालेले हे दोनदा भलत्याच बसमध्ये बसले. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मला म्हणत, "शालन, फळा जमतोय तोवर डोकं शाबूत आहे."

पाचव्या दिवशी यांनी दोन राजे आणि चार प्यादी मांडली. खाली लिहिलं: पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो.

संध्याकाळी लक्ष्मणराव आले. तिसऱ्या मजल्यावरचे, मूळचे लातूरचे, यांचे रोजचे जोडीदार. त्यांच्या सुनेने, दिपालीने, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता.

"चुकलात राव! सूनबाईचं मशीन बरोबरी म्हणतंय."

"मशीनला नीट मांडून दिलंत का?"

"दोनदा दिलं. तुमच्याच चष्म्याचा नंबर बघा आता."

मांडवातली माणसं हसली. हेही हसले. पण घरी येऊन पट मांडला आणि तिसऱ्या खेळीला अडखळले. पुन्हा मांडला, पुन्हा तिथेच. मग सोंगट्या डब्यात भरल्या आणि म्हणाले, "उद्यापासून फळा दुसऱ्या कुणाला द्यायला सांग."

सकाळी फळा कोराच राहिला. मी जिना चढून दिपालीकडे गेले आणि विसरण्याचं सगळं सांगून टाकलं. यांना न विचारता बाहेर सांगितलेली ती पहिलीच गोष्ट.

ऑफिसला जायच्या आधी ती लॅपटॉप घेऊन आली, यांच्यासमोर बसली. "काका, मी काळी घेते. मला हरवून दाखवा."

हे नको नको म्हणाले. मग समोर माणूस बसलेला बघून हात आपोआप चालायला लागला. पाच-सहा खेळ्यांत दोन्ही राजे प्याद्यांना खेटून उभे राहिले, प्यादी समोरासमोर अडलेली.

"खेळ आता," हे म्हणाले.

"काका, मी काहीही खेळले तरी माझं प्यादं जातंय."

"मग? जागेवर थांबता आलं असतं तर वाचला असता गडी. पण खेळी चुकवता येत नाही ना."

दिपालीने कपाळावर हात मारला. "अहो काका, माझं मशीन चुकवतंय! सगळ्या चाली बघायला वेळ पुरत नाही, म्हणून मी त्याला एक जवळची वाट दिलीय. ज्याची खेळी आहे त्याने ती सोडून दिली असं धरायचं. तरी त्याचं बरं चाललं असेल, तर पुढे तपासायचंच नाही. इथे काळ्याने खेळी सोडली की तो मजेत दिसतो!"

हे खुर्चीत ताठ झाले. "आम्हीही शंभरातले पाचच नग तपासायचो गं. त्यात गैर काही नाही. पण ब्रेकचे नग आले की शंभरच्या शंभर."

तिने तिथेच ती वाट बंद केली. चहा निवेपर्यंत पडद्यावर आलं: पांढरा जिंकतो. हे तोवर फळ्यासाठी खडू शोधत होते. तो फ्रिजमध्ये सापडला. दिपालीने तो पुसून यांच्या हातात दिला.

आरतीनंतर लक्ष्मणरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मशीन चुकलं हो."

"चष्मा लावा त्याला," हे म्हणाले.

लक्ष्मणराव पुढे लातूरला धाकट्या मुलाकडे गेले. फोनवरून खेळी कळवत. त्यांचा शेवटचा डाव अर्धाच राहिला. दिपाली पिंपळे सौदागरला राहते. तिचा प्रोग्रॅम आता नुसते राजे आणि प्यादी उरली की जवळची वाट धरत नाही. फळा यांनी आणखी एक वर्ष लिहिला. आता यांच्या पेचांच्या वहीतून मी लिहिते.

२०२२ मध्ये हे गेले. त्याआधी वर्षभर यांना माझं नाव आठवत नव्हतं. तो पेच मांडला तर मात्र काळ्या राजावर बोट ठेवून म्हणायचे, "याला खेळावंच लागणार बिचाऱ्याला."