मोटारीचा घोडा झाला
मी जातं बोलतोय, राणीसावरगावच्या सरजाबाईचं. बसा की असे शेजारी. पीठ उडून कपडे खराब व्हायची धास्ती नको. माझ्यावर आता कुणी दळत नाही.

सरजाबाईच्या लग्नात मी या घरी आलो. तिचा धाकटा भाऊ मुंजाजी पुढं मानवतला ट्रकवर ड्रायव्हर झाला. ट्रकला आमच्याकडं मोटारच म्हणतात. एका भाऊबीजेला तो मोठ्या हौसेनं मोटार घेऊन दारात आला, अन् बाई चेष्टेत बोलून गेली, "ह्या भंगारापरीस बैल बरा की रं, बाबा!" भाऊ ताटावरून उठला. पुन्हा आला नाही.

तेव्हापासून बाई माझ्यावर एकच ओवी गायची:

दुरून दिसतो, वाटेचा फुफाटा
बंधवाच्या मोटारीनं, धरला माझा फाटा

ती ओवी नव्हती हो, माफी होती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मुंबईचे एक संगीतकार टेप घेऊन गावात आले. चित्रपट तीनशे वर्षांपूर्वीच्या काळावरचा. त्यात अस्सल जात्यावरची ओवी हवी. बाई हरखली. शेजारच्या कडूबाईला म्हणाली, "मुंजाजी सिनिमाचा लय शौकीन. मोटार आयकली की समजंल त्याला. येतोय बघ!"

ओवी ऐकून साहेब खूश झाले, पण लगेच कपाळाला आठी. "बाई, त्या काळी मोटार नव्हती. घोडा म्हणा."

"घोडा कुठून आणू, साहेब? भाऊ मोटारवाला हाय."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "मग ओवी राहू द्या."

बाईनं माझ्या खुंट्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "घोडा तर घोडा. आवाज तर वळखंल."

एरवी माझा खुंटा घडीघडी निसटायचा. त्या दिवशी निसटला असता तर बरं झालं असतं, पण गच्च बसून राहिला. आणि गंमत बघा, शब्द जुना करून घेतला, पण चित्रपटात ओवीच्या साथीला वाजवली विलायती पेटी!

चित्रपट मानवतच्या तंबूत लागला. कडूबाईचा नवरा मुंजाजीच्या शेजारीच बसला होता. ओवी सुरू होताच मुंजाजी सावरून बसला. "आमच्या आक्काचा आवाज हाय ह्यो!" पुढं ओवीत मोटारीच्या जागी घोडा आला, तसा त्याचा चेहरा उतरला. "बघा, अजूनबी लाज वाटायली तिला माझ्या मोटारीची. जगाला घोडा सांगायली." आणि अर्ध्यातून उठून गेला.

कडूबाईनं हे सांगितलं, त्या दिवसापासून बाई दळण गिरणीत नेते. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. अंगावर कोंबड्या बसतात.

तुमची वाट मानवतवरून जात असेल, तर मुंजाजीला गाठून एवढंच सांगा. घोडा साहेबांचा होता. आक्काची मोटारच होती.