खोट्या तेलाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. मुठीत मावेन एवढीच. पण माझ्या पोटातला राग अख्ख्या घराला पुरून उरेल.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. मग माझ्यात औषधी तेल भरलं गेलं. ते गांजाच्याच जातीच्या झाडापासून काढलेलं. पण त्यातलं द्रव्य सौम्य, नशा न आणणारं. मी एका शिवणकाम करणाऱ्या आईच्या घरी आले. तिच्या लेकीला, पिंगीला, फिट्स यायच्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "हे प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही. अजून अभ्यास चालू आहे. आणि चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत हं."

पिंगीला ते लागू पडलं. फिट्स विरळ झाल्या. ती पहिल्यांदा एकटी जिना उतरली, तेव्हा आई मशीन थांबवून नुसती बघत राहिली. मला कपाटात मानाची जागा मिळाली.

तेल संपलं. औषधाच्या दुकानदाराला सगळे गोडबोल्या म्हणत. तो म्हणाला, "ताई, रिकामी बाटली परत देत जा, कामाला येते."

आलेच की कामाला! त्याने माझ्यात स्वयंपाकाचं साधं तेल ओतलं, वर नवं लेबल डकवलं आणि मला पुन्हा त्याच माउलीच्या हातात ठेवलं. मित्रांनो, मला तोंड होतं, पण आवाज नव्हता.

फिट्स परतल्या. आईने दुकानात जाऊन विचारलं, "भाऊ, आता गुण का येत नाही हो?"

"वेळ लागतो, ताई. धीर धरा."

आणि पिंगी जिन्यावरून कोसळली. कपाळाला टाके पडले, पुढचे दात गेले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यातलं थोडं तेल तपासून घेतलं. त्यात औषधाचा अंशही नव्हता. आई रडली नाही. तिने तक्रार केली आणि त्याच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसली. येणाऱ्या प्रत्येकाला मला दाखवून म्हणायची, "याच्या खोट्या तेलापायी माझ्या पोरीचे दात गेले." गिऱ्हाइकं आल्या पावली परत फिरायची. मला कसलं बरं वाटायचं म्हणून सांगू!

शेवटी गोडबोल्या हात जोडत आला. "ताई, माझ्या पोटावर पाय येतोय. मिटवून टाका ना."

आई शांतपणे म्हणाली, "वेळ लागतो, भाऊ. धीर धरा."

तक्रारीची चौकशी झाली, मला जप्त केलं आणि दुकानाला सील लागलं. पिंगीला आता इस्पितळातून खरं औषध मिळतं आणि फिट्स पुन्हा कमी झाल्यात. पण जिना ती अजून बसत बसतच उतरते. त्याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.

सध्या मी पुरावा म्हणून कोर्टाच्या कपाटात आहे. माझ्यासारख्या आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू शेवटी तुमच्याकडे बहुधा स्वच्छतेची भीक मागतात. माझं मागणं उलटं आहे. माझ्या तळाशी त्याच्या तेलाचा चिकट ओघळ अजून शिल्लक आहे. मित्रांनो, निकाल लागेपर्यंत मला कुणी धुऊ नका.