प्रबंधाचा आवाज

टेंभी नाक्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोन कीबोर्ड मांडले होते, एक खटखट वाजणारा आणि एक मुका. वर्तकसरांनी घाईने मुक्यावर हात ठेवला. गेलं वर्षभर ते दार लावून पीएचडीचा प्रबंध टाइप करत होते, असं घरात समजलं जायचं. प्रत्यक्षात ते स्पेसबार दाबून राक्षसांवर गोळ्या झाडत होते.

त्यांच्या पत्नी सुलभाताई डोंबिवलीत टायपिंगचा क्लास चालवायच्या. आज त्या सोबत येतील, हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुकानदाराने बदल्यात घ्यायचा जुना, मुकाच कीबोर्ड पिशवीतून काढला.

"स्पेसबार पार खिळखिळा झालाय हो! अक्षरं मात्र कोरी करकरीत."

सुलभाताईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अहो, वर्षभर तुम्ही शब्दांमधल्या मोकळ्या जागाच टाइप केल्यात?"

"विषय तसा... गहन आहे."

"असेल." त्या दुकानदाराकडे वळल्या. "तो वाजणारा बांधा. टायपिंगची लय मला स्वयंपाकघरातूनही कळते. आजपासून पहिलं प्रकरण ऐकीन म्हणते."

सरांचा गहन विषय अजून ठरायचा होता.